पाठीला माती

हैबती वस्तादाला उताणा पडलेला मी आयुष्यात दोनदाच पाहिला. एरवी हा माणूस झोपायचासुद्धा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि झोपेतही एक हात जमिनीला टेकलेला. कुणी अंगावर आलं तर उठायला बरं, असं म्हणायचा. आता कोण येणार होतं अंगावर? त्याच्यापुढं मान वर करून बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

आमच्या तालमीत उताणं झोपायला बंदी होती. हसू नका, खरं सांगतोय. पोरं तालमीतच झोपायची आणि तांबडं फुटायच्या आत वस्ताद निरगुडीचा फोक घेऊन त्यांच्यामधून फिरायचा. जो पाठीवर दिसेल त्याच्या नडगीवर फोक बसलाच. एकदा एका नव्या पोराला असा मारला की ते झोपेतच उभं राहिलं आणि भिंतीवर जाऊन आदळलं. नाकाचं रक्त पुसत बसलेल्या त्या पोरापुढं वस्ताद उकिडवा बसला आणि अगदी मायेनं त्याला समजावू लागला.

"पाठ ही मातीची न्हवं रं. तिला एकदा जमिनीची चटक लागली, की मैदानातबी ती जमीनच हुडकंल."

मीही त्याच फोकाखाली वाढलो. पुढं लामावर, म्हणजे इंग्रजांच्या लढाईवर गेलो, गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला आणि परमुलखातल्या इस्पितळात पाय टांगून किती तरी दिवस उताणा पडून होतो. खोटं कशाला बोलू, पहाट झाली की डोळे उघडायच्या आधी मी चांगल्या पायाची नडगी आखडून घ्यायचो. तोफांना एवढा भ्यालो नव्हतो.

परत आलो तो लंगडत. कुस्ती संपली, पण तालमीचा नाद असा सुटतोय होय? रोज जाऊन कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कट्ट्यावर बसायचो. वस्ताद मला 'सुभेदार' म्हणायचा. मी साधा शिपाई होतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायचा.

दिसायला तो बुटका आणि रुंद. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. कान मोडून मोडून करंजीसारखे झालेले. बोलणं मात्र इतकं हळू की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागायचा. आणि हाच माणूस मैदानाच्या कडेला उभा राहिला की असा आवाज काढायचा, की हलगीवाल्यांचे हात थांबत. लढणारा पोरगा कितीही दमलेला असो, तो आवाज ऐकला की पुन्हा उठायचा. त्या आवाजाचा आम्हाला केवढा अभिमान! कडेगावच्या बाजारात आम्ही पोरं त्याची नक्कल करून दाखवायचो.

त्याच्या हट्टाचं एक सांगतो. त्याला अंतर्गळाचा त्रास होता. दुखणं फार वाढलं तेव्हा आम्ही बळंच त्याला मिरजेला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, टेबलावर झोपा. वस्ताद कुशीवर झोपला. डॉक्टर म्हणाला, उताणे व्हा. वस्ताद म्हणाला, जमणार नाही. डॉक्टरनं हसून चार माणसं बोलावली. त्यातला पहिला हत्यारांच्या तबकावर जाऊन पडला, दुसऱ्याचा खांदा निखळला, आणि उरलेले दोघे दाराबाहेरून आत यायला तयार होईनात. शेवटी वस्तादानंच त्या दुसऱ्याचा खांदा जागेवर बसवून दिला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चामड्याचा पट्टा पोटाला आवळून तो गाडीत येऊन बसला. वाटेत मी त्याला विचारलं, डॉक्टर काय तुमच्याशी कुस्ती धरणार होता का? तर म्हणाला, डॉक्टरचं काही नाही, पण बघणारे चारजण होते. तो पट्टा मग कायमचा त्याच्या कमरेला राहिला.

मारकुटेपणाचं म्हणाल तर किसन्याचं ऐका. किसन आमच्या तालमीतला सगळ्यात दांडगा गडी. त्यानं एका जत्रेत नुरा कुस्ती केली, म्हणजे आधी ठरवून पडला. वस्तादाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो लंगोट लावून हौदात उतरला आणि किसन्याला म्हणाला, ये. पन्नाशी उलटलेला माणूस तो. आम्हाला वाटलं, दोन थपडा मारील आणि सोडील. त्यानं किसन्याचा हात धरला, मागं नेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. किसन्या गुरासारखा ओरडत होता आणि वस्ताद त्याचं डोकं मांडीवर घेऊन बांबूच्या कामट्या बांधत होता. मग हाड जुळेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं त्याला दूधभाकरी भरवली. मारायचा तोच आणि भरवायचाही तोच. मग माणूस जाईल कुठं? किसन्या त्या दिवसापासून वस्तादासाठी जीव द्यायला तयार असायचा, आणि घ्यायलाही. हे दुसरं तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

आता ज्ञानूचं. वस्तादाचं सांगायचं आणि ज्ञानूचं सांगायचं नाही, असं होणारच नाही.

ज्ञानूचा बाप आणि वस्ताद लहानपणापासूनचे जोडीदार. बाप पटकीत गेला. ज्ञानू एकुलता एक. त्याची आई, हिरावैनी, त्याला बोटाला धरून तालमीच्या दारात घेऊन आली, तेव्हा मी तिथं होतो. बायकांनी आत यायचं नाही म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भावजी, मारा, झोडा, काय करायचं ती करा," ती म्हणाली. "पर माज्याकडं परत पाठवा."

वस्तादानं मान हलवली. त्या पोराला त्यानं जसं घडवलं तसं आम्हाला कुणालाच घडवलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमचा त्याच्यावर थोडा जळफळाटच होता. पण ज्ञानूवर राग धरणं अवघड. सारखं हसतमुख. कुस्ती जिंकला की हरलेल्याला आधी उठवून उभा करायचा, त्याच्या डोळ्यांतली माती फुंकर मारून काढायचा आणि मग फेटा घ्यायचा. वस्तादाला ते आवडायचं नाही. पण ज्ञानूला फोक मारलेला मात्र आम्ही पाहिला नाही, कारण ते पोरगं कधी उताणं झोपलंच नाही.

आणि त्याची पाठ कधी लागली नाही. शिराळ्यापासून कडेगावापर्यंत सगळ्या मैदानांत तो लढला. कुस्त्या सुटल्या, बरोबरीत राहिल्या, पण चित असा तो एकदाही झाला नाही. प्रत्येक कुस्तीनंतर वस्ताद त्याला उन्हाकडं पाठ करून उभा करायचा आणि पाठीवरून तळवा फिरवून लोकांना दाखवायचा. छाती, गुडघे, तोंड मातीनं माखलेलं आणि पाठ धुतलेल्या पाटासारखी. गावात आलं की तसाच त्याला घरी न्यायचा. वैनी, बघा पाठ. हिरावैनी चुलीपुढून न उठता म्हणायची, पाठीचं काय घेऊन बसलाय, पोरगं जेवलंय का? वस्ताद नुसता हसायचा. त्या बाईपुढं त्याचं काही चालायचं नाही.

इंग्रज जायला थोडे दिवस उरले होते. शिराळ्याच्या अंगाला एका गावची जत्रा होती आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीला ज्ञानूसमोर मिरजेकडचा बसाप्पा होता. बसाप्पा जवान, काळा, गप्प. कानडी मुलखाच्या काठावरचा, त्यामुळं मराठी बोलायचा ते अडखळत. फुफाटा उडू नये म्हणून मैदानात पखालीनं पाणी मारलं होतं, आणि मारणाऱ्यानं हात सैल सोडला होता. मधोमध चिखलच झाला होता.

कुस्ती लांबली. दोघांनी एकमेकांना पिळून काढलं. मग बसाप्पानं ज्ञानूला खाली घेतलं, पालथा घातला आणि मानेवर घुटना ठेवून त्याला फिरवायला लागला. ज्ञानू फिरेना. हे आम्ही शंभरदा पाहिलेलं, तो असाच खाली दम खायचा आणि मग एकदम उसळायचा. आम्ही त्या उसळीची वाट बघत ओरडत होतो.

एकाएकी बसाप्पानं गुडघा काढला. दोन्ही हात वर करून तो मागं सरला आणि पंचांकडं बघून म्हणाला, "हे हालंना झालंय."

पंच धावले. ज्ञानूला वळवायला त्यांनी त्याच्या खांद्याखाली हात घातला, तेवढ्यात वस्तादाचा तो आवाज आला.

"पाठ लावायची न्हाई! पालथाच ऱ्हाऊ द्या. आदी कुस्ती सुटली म्हना, मग हात लावा."

पंचांचे हात तिथंच थांबले. तो आवाज ऐकल्यावर कुणाचेही थांबले असते. आमची माणसं मैदानात घुसली आणि ज्ञानूभोवती कडं करून उभी राहिली. किसन्यानं एका पंचाला छातीवर ढकलून पाडलं. बसाप्पाच्या बाजूचे म्हणत होते, गडी पडलाय, कुस्ती आमची. आमचे म्हणत होते, पाठ लागलेली नाही, बरोबरीत सोडा. फेटे उडाले, काठ्या निघाल्या. आणि या सगळ्याच्या मध्ये ते पोरगं चिखलात तोंड घालून पडलेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्याला त्याला त्याची पाठ वाचवायची होती.

बऱ्याच वेळानं पंच कंटाळून म्हणाले, कुस्ती सुटली, बरोबरी. आमच्यातल्या काहींनी शीळसुद्धा घातली. मग वस्तादानं आत जाऊन ज्ञानूला वळवला. पोरगं गेलं होतं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण पुढं नुसती मारामारी होती. किसन्यानं पहिली काठी बसाप्पाच्या कपाळात घातली. तो रक्तानं आंधळा होऊन पळाला, उसात शिरला म्हणून वाचला. त्याच्या हलगीवाल्याची हलगी फोडली आणि त्याची बोटंही. त्यांच्या गाडीची चाकं मोडली, जू मोडलं. मी लामावर माणसं मेलेली पाहिली होती, पण तिथं मारणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी नसायचं. इथं एकेक जण रडत रडत हाणत होता. वस्ताद त्या सगळ्यात नव्हता. तो ज्ञानूचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या धोतरानं त्याचं तोंड पुसत होता.

गाडीतून आणताना त्यानं ज्ञानूला कुशीवर झोपवलं, आणि सगळी वाट त्याच्या पाठीला आपला हात लावून बसला.

घरी आंघोळ घालताना हिरावैनीनं पोराचं तोंड उघडलं. बोटानं तिनं आतली माती काढली, ओली लाल माती. काढली, पुन्हा बोट घातलं, पुन्हा निघाली. ती रडत नव्हती. तिनं वर बघून दारातल्या सगळ्यांना विचारलं, "ह्येच्या तोंडात एवडी माती कशी?"

कुणीतरी म्हणालं, त्या मिरजवाल्यानं चारली. मग सगळेच म्हणाले. वस्ताद माझ्या शेजारी उभा होता. त्याचा पट्ट्यावरचा हात एवढा आवळला की चामडं करकरलं. मला वाटलं, राग आला. रागच असावा असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

तिरडी बांधली आणि भांडण पेटलं. तालमीतली पोरं म्हणाली, ज्ञानूला पाठीवर ठेवायचं नाही. जिवंतपणी कुणी त्याची पाठ लावली नाही, मेल्यावर आम्ही लावायची का? लिंगायतांत बसवून नेतात, तसा बसवून नेऊ. भावकीतले म्हातारे खवळले. आपल्यात असं कधी झालंय का, लोक काय म्हणतील? शब्दाला शब्द वाढला. ज्ञानूच्या चुलत्यानं तिरडीला हात घातला तर किसन्यानं बांबू उपसून त्याचं डोकं फोडलं. प्रेत अंगणात, आणि अंगणात रक्त. दोन्हीकडची माणसं मग वस्तादाकडं बघू लागली, कारण आजवर गावातला असला प्रत्येक निवाडा त्याच्या एका शब्दावर व्हायचा. वस्ताद जमिनीकडं बघत उभा राहिला.

हिरावैनी माणसांतून वाट काढत आली. तिनं ज्ञानूच्या खांद्याखाली हात घातला आणि म्हणाली, "झोपवा रं त्याला नीट. लय दमलाय."

तिनंच त्याला पाठीवर ठेवलं. किसन्या भिंतीला डोकं आपटत राहिला, आणि आम्ही तिरडी उचलली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तालीम बंद, हौदावर पाणी नाही, मारुतीपुढं दिवा नाही. तालमीतल्या प्रत्येकानं घरचं कुणी गेल्यासारखी मिशी उतरवली. पण दुःख करायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण हातांचं. दिवसभर हात रिकामे, मग ते एकमेकांवर चालायचे. एकानं दुसऱ्याचा कान चावला तो कशावरून, तर ज्ञानूचा लंगोट आपल्याकडं ठेवायचा कुणी, यावरून. कडेगावच्या बाजारात एक गुळाचा व्यापारी कानडीत बोलताना दिसला, तर त्या बिचाऱ्याला काही कारण नसताना इतका तुडवला की त्याला गाडीत घालून न्यावा लागला. बसाप्पाला जिवंत सोडायचा नाही, हे तर ठरलेलंच होतं. तेरावा झाला की जायचं, कुऱ्हाडी घेऊन जायचं, असं किसन्यानं सांगितलं. वस्तादानं फक्त हो म्हणावं म्हणून तो रोज त्याच्या दारात जाऊन बसायचा. वस्ताद आतून कडी लावून घ्यायचा.

तेराव्याला जेवणावळ तालमीच्या पटांगणात होती. सगळा गाव होता, आसपासच्या तालमींचे वस्ताद आले होते. पानं मांडायच्या वेळी वेशीकडून एक माणूस चालत आला. डोक्याला काही नाही, कपाळावरची जखम अजून ओली. मिशी उतरवलेली. बसाप्पा होता.

मला आधी वाटलं, याला वेड लागलंय. तो सरळ माणसांत आला आणि हात जोडून म्हणाला, "आईला भेटाय आलोय. भेटू द्या. मग मारा."

मारा म्हणायची गरज नव्हती. किसन्यानं त्याला पहिली लाथ पोटात घातली, दुसरी तोंडावर. बसाप्पा पडला, उठला, हात जोडलेलेच. तो एवढा दांडगा गडी, पण त्यानं हात सोडले नाहीत. दात पडला. कुणीतरी आतून कुऱ्हाड आणली. आलेले वस्ताद एक पाऊल मागं सरले, म्हणजे त्यांनीही होकारच दिला. मी ओरडत होतो, पण लंगड्याचं कोण ऐकतो!

तेवढ्यात हैबती वस्ताद आला. हातात जाड काठी. माणसं बाजूला झाली, कुऱ्हाडवालाही थांबला. पहिला मान वस्तादाचा, यात कुणाला शंका नव्हती. किसन्यानं बसाप्पाचे केस धरून त्याचं डोकं मागं ओढलं आणि वाट बघत राहिला.

वस्ताद बसाप्पाजवळून पुढं गेला. बायकांत हिरावैनी बसली होती, तिच्यापुढं त्यानं ती काठी ठेवली. मग तालमीचा दरवाजा उघडून तिला म्हणाला, वैनी, आत या. त्या तालमीत बाई कधी गेली नव्हती. ती उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली, मागोमाग आम्ही सगळे घुसलो. हौदातली माती इतक्या दिवसांत सुकून भेगाळली होती. वस्ताद त्यात उतरला, मधोमध गेला, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत पाठीवर पडला. दोन्ही खांदे मातीला टेकले. हात पसरले.

किसन्याच्या तोंडून आवाज निघाला, तो हात मोडला तेव्हाही निघाला नव्हता असा.

"वैनी, ज्ञानूला मी मारला," वस्ताद म्हणाला. हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या बसाप्पानं गुडगा काडला हुता. पंच फिरवत हुते. मी म्हनलो, पाठ लावू नका. त्येची बरगडी हालत हुती वैनी, मी बगितली हुती. म्हनलं, दम घेतोय."

हौदाभोवती उभा असलेला प्रत्येक जण त्या दिवशी मैदानात होता. प्रत्येकानं तो आवाज ऐकला होता आणि बरोबर आहे म्हणून वर आपला आवाज मिसळला होता. आता कुणी कुणाकडं बघेना. कुऱ्हाड कुणीतरी गुपचूप भिंतीला टेकवून ठेवली.

हिरावैनी हौदात उतरली. काठी तिनं आणलीच नव्हती. ती वस्तादाच्या छातीजवळ बसली, सुकलेली माती मुठीत घेतली आणि त्याच्या तोंडात कोंबली. पुन्हा घेतली, पुन्हा कोंबली. दाढेपर्यंत बोटं घालून कोंबली. वस्तादानं तोंड मिटलं नाही, हात हलवले नाहीत. तो घुसमटायला लागला, पाय झाडायला लागला, डोळे पांढरे झाले. मी पुढं झालो तर त्या अवस्थेतही त्यानं एक बोट हलवून मला थांबवलं. किसन्या लहान पोरासारखा रडत हौदाच्या काठावर बसला होता.

मग तिचाच हात थांबला. पोराच्या तोंडातून काढली होती तशीच तिनं ती माती बोटानं काढायला सुरुवात केली. सगळी काढली. वस्ताद खोकला, श्वास आला.

"तुमाला म्हनलं हुतं, परत पाठवा," एवढंच ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं बसाप्पाकडं पाहिलं. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. पदरानं तिनं ते पुसलं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. ती म्हणाली, "जा घरला. तुजी आई वाट बगत आसंल." तो गेला. कुणी त्याच्या मागं गेलं नाही.

वस्तादानं गाव सोडलं ते त्याच आठवड्यात. कुणी म्हणालं जोतिबाकडं गेला, कुणी म्हणालं नदीत गेला. तालीम पुढं किसन्यानंच उघडली, आणि त्यानं पोरांच्या नडगीवर कधी फोक उगारला नाही.

मग स्वराज्य आलं. त्यानंतर एकदा मी साताऱ्याकडं गेलो होतो आणि जवळच्या एका गावात जत्रा लागलेली. हलगी ऐकू आली की माझा दुखरा पायसुद्धा तिकडंच वळतो. जाऊन बसलो. दोन तरणी पोरं लढत होती. एक खाली पालथा, दुसरा वर. खालचा शहाणा होता, अंग सोडून गप्प पडला होता, वरच्याला दमवत होता. लोक हसत होते.

एकदम गर्दीतून एक म्हातारा मैदानात धावत गेला. उघडा, बुटका, कमरेला चामड्याचा पट्टा. त्यानं वरच्या पोराला धक्का देऊन बाजूला केलं, खालच्याच्या खांद्याखाली हात घातले आणि त्याला उताणा केला. कुस्तीचा विचका झाला. दोन्ही बाजूंचे लोक धावून आले आणि म्हाताऱ्याला जोड्यांनी मारू लागले. माझ्या शेजारचा माणूस वैतागून म्हणाला, हे खुळं प्रत्येक मैदानात येतंय, दारात अडवलं तरी कुठून तरी घुसतंय, किती मार खाल्ला तरी ऐकत नाही.

मी काठीनं वाट काढत आत गेलो. हैबती वस्ताद पाठीवर पडला होता. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. उघड्या डोळ्यानं तो माझ्याकडं नाही, त्या पोराकडं बघत होता.

"दम घेतोय न्हवं त्यो?" त्यानं विचारलं.

"घेतोय, वस्ताद. तुमाला शिव्या देतोय."

"मग बरं झालं," तो म्हणाला.

मी त्याला हात देऊन उभा केला. अंगात काही उरलं नव्हतं, पट्टासुद्धा सैल झाला होता. गावाकडं चला म्हणालो, हिरावैनी अजून आहेत म्हणालो, त्यावर त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पलीकडं दुसरी कुस्ती लागली होती आणि त्याची नजर तिकडं वळली होती. त्याच्या सगळ्या पाठीला माती लागली होती. मी ती झटकायला हात उचलला, तर तो अंग चोरून बाजूला झाला.

"ऱ्हाऊ दे, सुभेदार," म्हणाला, आणि गर्दीत शिरला.